सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे राहिलेला नाही

‘इंग्रजीत सर्वाधिक अर्थ असलेला शब्द म्हणजे सेट’ हे विधान सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून आणि आता व्हॉट्सॲपवरून वर्षानुवर्षे फिरत आहे. ते निराधार नव्हते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सर्वांत लांब, सुमारे ६०,००० शब्दांची होती आणि तिच्यात ४३० हून अधिक अर्थ दिलेले होते. मात्र तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी नव्याने तपासल्या जाऊ लागल्यावर लांबीत आधी ‘मेक’, मग ‘पुट’ आणि २०११ मध्ये ‘रन’ पुढे गेले. संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’च्या केवळ क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले. पायांनी धावण्यापासून निघालेला हा शब्द नळातून वाहणारे पाणी, धुताना उतरणारा कपड्याचा रंग, चालू असलेले इंजिन, चालवलेले दुकान, लढवलेली निवडणूक, इतक्या ठिकाणी पोहोचला आहे आणि यंत्रयुगात त्याचा पसारा विशेष वाढला. सूर्य मावळणे, सिमेंट घट्ट होणे, निखळलेले हाड बसवणे ही कामे ‘सेट’ आजही करतो. शिवाय एक अर्थ कुठे संपून दुसरा कुठे सुरू होतो, हे कोशाचे संपादकच ठरवतात. त्यामुळे कोश आणि आवृत्ती न सांगता दिलेल्या अशा आकड्याला माझ्या मते फारसा अर्थ नाही.