बर्फाचं वय वेगळं, हवेचं वय वेगळं

‘आधी तापमान वाढलं, कार्बन डायऑक्साइड आठशे वर्षांनी मागाहून वाढला. मग दोष त्या वायूला कशाला?’ हवामानबदलावर काहीही लिहा, हे उत्तर हटकून येतं. पुरावा म्हणून अंटार्क्टिकातल्या वोस्तोकच्या बर्फाचा आलेखही जोडलेला असतो. आलेख खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकला हे शोधणं मला या विषयातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

वोस्तोक हे मूळचं सोविएत संशोधन केंद्र. २१ जुलै १९८३ रोजी तिथे उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. शीतयुद्ध ऐन भरात असताना तिथे सोविएत अभियंते बर्फात खोल छिद्र पाडत होते, फ्रेंच शास्त्रज्ञांची आणि बर्फाची ने-आण अमेरिकेची हर्क्युलिस विमानं करत होती आणि तपासणी फ्रान्समधल्या ग्रनोबलला होत होती. शास्त्रीय सहकार्यासाठी झालेल्या १९५९च्या अंटार्क्टिक करारामुळे हे शक्य झालं. बर्फात अडकलेल्या हवेतून जुनं वातावरण मोजायची कल्पना फ्रेंच हिमशास्त्रज्ञ क्लोद लोरियस यांना १९६५च्या मोहिमेत सुचली. व्हिस्कीच्या पेल्यात टाकलेला जुना बर्फ वितळताना त्यातून बुडबुडे फुटत होते, ते पाहून. १९९९मध्ये वोस्तोकचा ४ लाख २० हजार वर्षांचा इतिहास प्रसिद्ध झाला. छिद्र तोवर ३६२३ मीटर खोल गेलं होतं.

आता त्या बुडबुड्यांकडे वळू.

हिम पडतं, पण त्याचा लगेच घट्ट बर्फ होत नाही. वरचा सुमारे शंभर मीटरचा थर सच्छिद्र असतो. कणाकणांमधल्या फटींतून हवा वरच्या वातावरणाशी जोडलेली राहते. वरच्या भाराने थर दाबला जातो, फटी अरुंद होतात आणि अखेर बंद होतात. हवा अडकते ती त्या क्षणी. वोस्तोकला वर्षभरात जेमतेम दोन सेंटीमीटर पाण्याइतकं हिम पडतं, त्यामुळे पडलेलं हिम त्या खोलीपर्यंत पोहोचायला तीन हजारांहून जास्त वर्षं लागतात. हिमयुगात हिम आणखी कमी पडायचं, तेव्हा हा काळ त्याहूनही लांबायचा.

म्हणजे एकाच तुकड्यात बर्फ जुना आणि हवा त्याहून हजारो वर्षांनी तरुण. तापमान कळतं बर्फाच्या रेणूंमधल्या जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजनच्या प्रमाणावरून, वायू मोजला जातो बुडबुड्यातून. दोन्ही एका कालरेषेवर आणायचे तर हे अंतर नेमकं माहीत हवं. त्यात थोडी जरी चूक झाली तरी शेकडो वर्षांचा फरक पडतो, आणि तो आठशे वर्षांचा ‘उशीर’ याच जागी अडकला होता.

त्यावर तोड निघाली नायट्रोजनमधून. नायट्रोजनचे बहुतेक अणू १४ वस्तुमानाचे असतात, थोडे १५चे. सच्छिद्र थरातली हवा बऱ्यापैकी स्थिर असते, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाने जड नायट्रोजन तळाशी किंचित जास्त साठतो. थर जितका जाड, तितका हा फरक मोठा. तोच फरक घेऊन हवा कोंडली जाते. म्हणून बुडबुड्यातल्या नायट्रोजन-१५च्या प्रमाणावरून त्या काळी थर किती जाड होता ते काढता येतं, आणि त्यावरून एकाच काळातला बर्फ आणि हवा गाभ्यात, म्हणजे छिद्रातून काढलेल्या बर्फाच्या लांब दंडगोलात, किती मीटरच्या अंतरावर आहेत हेही.

२०१३मध्ये हेच केलं गेलं. तापमानासाठी पाच ठिकाणचे गाभे एकत्र केले : रशियाचा वोस्तोक, जपानचा डोम फुजी, इटलीच्या पुढाकाराने खोदलेला टॅलोस डोम आणि युरोपीय देशांनी मिळून काढलेले आणखी दोन. एकाच गाभ्यातल्या स्थानिक चढउतारांनी फसगत होते, पाचांच्या सरासरीत ते निवळतात. निष्कर्ष असा निघाला की शेवटचं हिमयुग संपताना अंटार्क्टिकाचं तापमान आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ बरोबरीने वाढले. फरक असलाच तर दोनशे वर्षांच्या आत.

पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांनी ऊब सुरू होते, समुद्रातून वायू सुटतो आणि तो ऊब आणखी वाढवतो. आज मात्र वायू समुद्रातून आलेला नाही, तो आपण जाळलेल्या कोळसा-तेलातला आहे. उद्योगयुगाआधीच्या आठ लाख वर्षांत हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत सुमारे ३००च्या वर गेलं नव्हतं. आता ते ४२०च्या पुढे आहे.

या आकड्यांपुढे ग्रहयोगाने प्रलय येणार ही भाकितं टिकत नाहीत, आणि चार-दोन वर्षांत अंटार्क्टिका वितळेल हा टीव्हीवरचा ओरडाही. वोस्तोकखाली साडेतीन किलोमीटरहून जाड बर्फ आहे. धोका खरा आहे, पण त्याचा वेग मोजूनच सांगायला हवा. वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात उणे वीस अंशांच्या खोल्यांत अंटार्क्टिकातल्या बर्फाचे गाभे अशाच मोजणीसाठी जपले जातात.

जानेवारी २०२५मध्ये दहा युरोपीय देशांच्या प्रकल्पाने अंटार्क्टिकातल्या लिटल डोम सी इथे २८०० मीटरवर तळाचा खडक गाठला. त्या गाभ्यात किमान १२ लाख वर्षांची नोंद आहे. खालच्या भागात एका मीटरमध्ये तेरा हजार वर्षांपर्यंतचा काळ दाबलेला आहे. सुमारे नऊ ते बारा लाख वर्षांपूर्वी हिमयुगांचं चक्र ४१ हजार वर्षांवरून एक लाख वर्षांवर गेलं. कार्बन डायऑक्साइड घटल्यामुळे तसं झालं का, याचं उत्तर याच गाभ्यातल्या हवेत मिळेल अशी आशा आहे. बर्फ युरोपात पोहोचला आहे आणि त्याची तपासणी ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी वाटून घेतली आहे.