कुकच्या कोरीव चित्रात 'मूळ' कशाला म्हणायचे?

इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकचा ओळखीचा चेहरा काही तासांच्या बैठकीतून आला. मे १७७६ मध्ये, तिसऱ्या सागरी सफरीच्या तयारीच्या धामधुमीत, तो दुपारच्या जेवणाआधी नॅथॅनिएल डान्स या चित्रकारापुढे बसला. पहिल्या सफरीतल्या एका श्रीमंत सहप्रवाशाला ते चित्र हवे होते. जुलैत कुकने इंग्लंड सोडले, ते कायमचे.

तेलचित्र खासगी ग्रंथालयात लागले. घरोघरी गेला तो त्यावरून जॉन कीझ शेरविनने १७७९ मध्ये तांब्यावर कोरून काढलेला छाप. त्याला कोणी 'मूळ' म्हणते, कोणी 'नक्कल', आणि घोळ इथेच आहे. नक्कल हा शब्द मला मान्य नाही. गणवेशाचा गडद निळा आणि गालाची उजळ बाजू, दोन्ही शेरविनला एकाच काळ्या शाईत दाखवायचे होते; हाताशी फक्त रेघांची जाडी आणि त्यांतले अंतर. पोलादी कोरणीने पत्र्यावर उलटे चित्र कापायचे, चरांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, मग ओलसर कागद ठेवून रुळाखालून दाबून काढायचा. दर छापागणिक तांबे झिजते. त्यामुळे सुरुवातीच्या प्रतीतली नाजूक रेघ उशिराच्या प्रतीत सापडत नाही. आपल्याकडे ताम्रपट म्हटले की दानपत्र आठवते. तिथे पत्रा हाच दस्तऐवज. इथे पत्रा केवळ साचा, खरे काम कागदावरचे. मिरजेत १८०५ साली गीता छापली गेली तीही तांब्यावर कोरूनच.

दुसऱ्या सफरीच्या वृत्तांतासोबत १७७७ मध्ये कुकचे वेगळे कोरीव चित्र आले होते. पण शेवटच्या सफरीत त्याच्यासोबत असलेल्या एका शल्यवैद्याने पुढे लिहून ठेवले, की पाहिलेल्या चित्रांपैकी खरा कुक दिसतो तो फक्त शेरविनच्या छापात. ही साक्ष छापाबद्दलची आहे, तेलचित्राबद्दलची नाही. मूळ कोणते, या वादात मला तीच सर्वांत वजनदार वाटते.

अलीकडे नजर चेहऱ्यावरून हाताकडे वळली आहे. समोर दक्षिण महासागराचा स्वतःचाच नकाशा, आणि उजव्या हाताचे बोट ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर. १७७० मध्ये तिथल्या माणसांना न विचारता तो किनारा त्याने राजाच्या नावे केला होता. जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नमधला त्याचा पुतळा घोट्यांपासून कापून पाडण्यात आला.