भिंतीमागे होतो, तरी मेलो!

नवी मुंबईत ऐरोलीतल्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी जिन्यात मोबाइल घेऊन बसलेली पोरं ऐका. ‘अरे पिंग २०० वर गेला, लॅग मारतोय!’ आणि पाठोपाठ, ‘भिंतीमागे होतो तरी मेलो, समोरचा हॅकर आहे.’

फोनवरून निघालेलं पॅकेट, म्हणजे माहितीचं छोटंसं पुडकं, सर्व्हरला (गेम चालवणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरला) शिवून परत यायला जितके मिलिसेकंद लागतात, तितका पिंग. हे नाव गेमवाल्यांचं नाही. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये नेटवर्क कुठे अडलंय ते शोधायला छोटासा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुड्या हुडकणाऱ्या ‘सोनार’ यंत्राच्या आवाजावरून त्याला पिंग म्हटलं.

काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद निव्वळ प्रवासात गेले. केबल वळसे घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. कितीही महागडा प्लॅन घ्या, यात सूट नाही.

पण सर्व्हर मुंबईतच असेल तर २०० येतात कुठून? बरेचदा घरातूनच. ताईने कॉलेजचा व्हिडिओ अपलोडला लावला की राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागते आणि गेमचं इवलंसं पॅकेट तिच्या शेपटाला उभं राहतं. महापे-रबाळेच्या डेटा सेंटरांशेजारी राहूनही ही रांग चुकत नाही.

आता ती भिंत. तुम्ही समोरच्याला दिसता ते किंचित जुने. त्याने नेम धरून गोळी झाडली, तेव्हा त्याच्या स्क्रीनवर तुम्ही उघड्यावरच होता. ती बातमी सर्व्हरला पोचेपर्यंत तुम्ही आडोशाला गेलेले. अशा वेळी बरेच नेमबाजीचे गेम त्या खेळाडूच्या पिंगइतकं घड्याळ मागे फिरवतात, त्या क्षणी तुम्ही कुठे होता ते तपासतात आणि गोळी लागली असं ठरवतात. याला लॅग कॉम्पेन्सेशन, म्हणजे उशिराची भरपाई, म्हणतात. हे नसतं, तर पळणाऱ्यावर नेम धरून उपयोग नव्हता. तो पुढे कुठे पोचेल याचा अंदाज बांधून हवेतच गोळ्या झाडाव्या लागल्या असत्या. म्हणजे जिन्यातल्या पोराचं खरं, आणि ज्याला तो हॅकर म्हणून शिव्या घालतोय त्याचंही खरं. (खरे हॅकर असतात, नाही असं नाही.) घड्याळ किती मागे न्यायचं याला मात्र सहसा मर्यादा घातलेली असते, नाहीतर ज्याचं नेट सगळ्यात भिकार त्याचीच चांदी.