पावसाळी बॅचसाठी माहितीपत्रक: ‘रेन’चे सोबती

नौपाड्यातल्या आमच्या इंग्रजी संभाषण वर्गात नाव घालणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे पत्रक देतो. पहिल्या तासाआधी एकदा वाचून या.

गेल्या जुलैत ऐरोलीला नोकरी करणारी आमची एक विद्यार्थिनी सकाळी ठाणे स्टेशनात अडकली. तिने परदेशातल्या साहेबांना कळवलं, ‘बिग रेन इज कमिंग, आय विल बी लेट.’ साहेबांनी विचारलं, पाऊस अजून यायचाय, तर आत्ताच का निघत नाहीस? बिचारी तासभर पावसातच उभी होती! व्याकरण तिचं चुकलं नव्हतं. आपण ‘पाऊस येतोय’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा पडतच असतो. इंग्रजीत ‘रेन इज कमिंग’ म्हटलं की ऐकणारा आभाळाकडे बघतो. पडत्या पावसाला ‘इट्स रेनिंग’. आणि इंग्रजीतला मोठा पाऊस ‘बिग’ नसतो, ‘हेवी’ असतो.

‘हेवी’च का, याचं कारण शोधत बसू नका. आपण चहा कडक म्हणतो, ऊनही कडक म्हणतो, पाऊस मात्र मुसळधार. हे कुणी शिकवलं नाही, कानावर पडून पडून बसलं. इंग्रजीतही तसंच आहे: पाऊस हेवी, वारा स्ट्रॉन्ग, धुकं थिक किंवा डेन्स. अशा ठरलेल्या जोडीला ‘कोलोकेशन’ म्हणतात. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात ही संज्ञा रुजवली.

ऑफिसला लिहिताना आणखी एक लक्षात ठेवा. हवामान खात्याच्या भाषेत ‘हेवी’ला माप आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘हेवी’, २०४.४ पर्यंत ‘व्हेरी हेवी’ आणि त्यापुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, तो या शेवटच्या रकान्यातला. बोलताना मात्र एवढं मोजायचं कारण नाही.

क्रियापद आलं की सोबती बदलतो: ‘इट्स रेनिंग हार्ड’ किंवा ‘रेनिंग हेविली’. ‘रेनिंग हेवी’ लिहू नका. ‘मेनी रेन’ही नको, ‘अ लॉट ऑफ रेन’ म्हणा. ‘द रेन्स’ असं अनेकवचन चालतं, पण त्याचा अर्थ पावसाळा.

खरी अडचण आपल्या मराठी पावसाच्या श्रीमंतीची आहे. सर म्हणजे ‘शॉवर’, भुरभुर म्हणजे ‘ड्रिझल’, इथपर्यंत सोपं. पण ‘पाऊस उघडला’चं ‘रेन ओपन्ड’ केलंत तर कुणालाच कळणार नाही. तिथे ‘इट हॅज क्लिअर्ड अप’. जोर ओसरला तर ‘द रेन हॅज ईज्ड’. पावसाने दडी मारली तर ‘ड्राय स्पेल’. ‘पाऊस लागलाय’ला नेमका एक शब्द आम्हाला आजवर सापडलेला नाही; ‘इट हॅज बीन रेनिंग नॉनस्टॉप’ म्हणून आम्ही भागवतो. एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषा जुळतात: आपण पावसात सापडतो आणि तेही ‘कॉट इन द रेन’ होतात. असं जुळलेलं दिसलं की आम्हाला फार आनंद होतो, कारण ते विद्यार्थी कधीच विसरत नाही.

म्हणून आमच्याकडे सुट्या शब्दांच्या याद्या पाठ करून घेत नाहीत. एक दोनशे पानी वही आणा. एका पानावर एकच नाम आणि त्याभोवती त्याचे सोबती, प्रत्येकी एका पूर्ण वाक्यात. वाक्य तुमच्या दिवसातलं हवं: घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, मुलांची शाळा, उशिरा आलेली लोकल. पहिला आठवडा ‘रेन’, दुसरा ‘ट्रॅफिक’. (तेही ‘हेवी’च असतं.)

पहिल्या दिवशी येताना वाटेत जो पाऊस दिसेल त्यावर दोन वाक्यं लिहून आणा. चुकली तरी खोडू नका, तीच फळ्यावर घेऊन सुरुवात करू.