ठिपके वेगळे, रेघा वेगळ्या

मेलबर्नला राहणाऱ्या भाच्याने आणलेले चार कोस्टर आमच्या टेबलावर असतात. दोनांवर ठिपकेच ठिपके. उरलेल्या दोनांवर मासा, आणि त्याच्या अंगभर बारीक तिरक्या रेघांची जाळी. घरी येणारा जो तो चारही पाहून म्हणतो, "अरे वा, डॉट पेंटिंग!" माशाच्या कोस्टरवर ठिपका औषधालाही नाही.

दोन्ही कला ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींच्या, पण ठिपके देशाच्या मध्यातल्या वाळवंटातले, रेघा उत्तर टोकाच्या आर्नहेम लँडमधल्या. भाषा वेगळ्या, माती वेगळी. दोन्हीकडे पूर्वजांच्या कथा रंगवतात. ज्यांनी चालता चालता डोंगर, पाणवठे, बेटं घडवली, असे हे पूर्वज. त्या आदिकाळाला वाळवंटात 'जुकुर्पा' म्हणतात, आर्नहेम लँडमधले योल्ङू लोक 'वांगार' म्हणतात.

आधी वाळवंट. ही कला चाळीस हजार वर्षं जुनी असल्याचं सर्रास ऐकवलं जातं. कथा आणि खुणा फार जुन्या आहेत, पण कॅनव्हासवरचं ठिपक्यांचं चित्र अगदी अलीकडचं. वाळवंटातल्या अॅलिस स्प्रिंग्ज या शहराच्या वायव्येला पापुन्या नावाची वस्ती आहे. तिथे १९७१ साली जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने काही पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. तोवर ही चित्रं विधींच्या वेळी वाळूवर आणि अंगावर काढली जात. भिंतीनंतर फळ्या आल्या, मग अॅक्रिलिक आणि कॅनव्हास. १९७२ साली या चित्रकारांनी स्वतःची कंपनीही काढली, पापुन्या टुला.

हे चित्र वरून बघायचं, नकाशासारखं. एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम. नालेसारखी अर्धगोल खूण म्हणजे माणूस, कारण मांडी घालून बसलेला माणूस उठला की वाळूत तसाच ठसा उरतो. इथे आपली सवय आड येते. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके मांडतो आणि रेघांनी जोडतो. इथे बहुधा आधी खुणा काढतात आणि मग भोवतालची जागा ठिपक्यांनी भरतात. ते जोडायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

उलट ठिपके झाकायच्याही कामाचे. सुरुवातीच्या फळ्यांवर विधीतल्या गुप्त वस्तू उघड रंगवल्या गेल्या, तेव्हा आजूबाजूच्या लोकांनी हरकत घेतली. दीक्षा न झालेल्यांनी त्या बघायच्याच नसतात. पुढे त्या खुणा चित्रांतून हटल्या आणि ठिपके दाट होत गेले. ठिपक्यांचं एवढंच कारण नाही, अंगावरच्या आणि जमिनीवरच्या नक्षीतही ते होतेच. तरी समोर टांगलेलं चित्र आपल्याला सगळं सांगत नाही, हे माहीत असलेलं बरं.

आर्नहेम लँडच्या चित्राची सुरुवात झाडापासून होते. पावसाळ्यात निलगिरीच्या एका जातीची साल सहज सुटते. ती विस्तवावर शेकायची आणि वजनाखाली दाबून सपाट करायची. रंग चारच: गेरू, पिवळी माती, पांढरी माती आणि काळा. जाळीच्या रेघांसाठी मोजक्या लांब केसांचा कुंचला लागतो. तो रंगात भिजवून सालीवर आडवा टेकवायचा आणि अलगद ओढून घ्यायचा. एक रेघ झाली. अशा शेकडो. पश्चिमेकडचे कुनिंग्कू लोक या जाळीला 'रार्क' म्हणतात. योल्ङू मंडळींच्या मते तिच्यातून जी लकाकी उठते, ती पूर्वजांच्या सामर्थ्याची.

प्रत्येक कुळाची नक्षी ठरलेली. गुमाच कुळाची शंकरपाळ्यांची, कारण आगीत होरपळून समुद्रात शिरलेल्या बारू या मगर-पूर्वजाच्या पाठीवर तसेच व्रण राहिले. दुसऱ्या कुळाने ती नक्षी आपल्या मनाने रंगवायची नाही. म्हणजे नक्षी हा जवळजवळ सातबाराच. १९६३ साली बॉक्साइटच्या खाणीसाठी यिर्काला इथली जमीन परस्पर दिली गेली, तेव्हा योल्ङूंनी संसदेला अर्ज पाठवले. टाइप केलेला कागद सालीवर चिकटवलेला आणि चहूबाजूंनी कुळांची चित्रं. खाण थांबली नाही, पण ते अर्ज आजही कॅनबेराच्या संसद भवनात आहेत.

सातबाराचं काम वाळवंटातल्या चित्रानेही केलं. ग्रेट सँडी डेझर्टमधल्या लोकांनी १९९७ साली आठ बाय दहा मीटरचा एक कॅनव्हास रंगवला, जमिनीवरचा हक्क सांगण्यासाठी. तो जमिनीवर अंथरला आणि ज्याने त्याने आपापल्या पाणवठ्यावर उभं राहून साक्ष दिली. २००७ साली तो हक्क मान्य झाला.

कोस्टर उलटून पाहिले. ना चित्रकाराचं नाव, ना कुळाचं, ना कथेचं. अशी चूक सरकारी पातळीवरही झालेली आहे. १९६६ साली ऑस्ट्रेलियाच्या एक डॉलरच्या नव्या नोटेवर डेव्हिड मलांगी यांचं सालीवरचं चित्र छापलं गेलं, त्यांना न विचारता. चित्रकार कोणी अनाम, केव्हाच वारलेला असेल, असा समज होता. मलांगी आर्नहेम लँडमध्ये हयात होते आणि चित्रं काढत होते. चूक उघड झाल्यावर त्यांना एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं सामान देण्यात आलं.