ज्येष्ठमधाच्या गोळ्या

ज्येष्ठमधाच्या मुळांचा अर्क आटवून त्यापासून केलेली काळी, चिवट किंवा कडक मिठाई. इटली, इंग्लंड, नेदरलँड्स, जर्मनी आणि नॉर्डिक देशांत ती विशेष आवडीने खातात. घसा बसला की आपण ज्येष्ठमधाची काडी चघळतो, तशाच युरोपातही या गोळ्या आधी खोकल्यावर घेत. इंग्लंडमधील पॉन्टफ्रॅक्ट गावी 1760 मध्ये जॉर्ज डनहिल या औषधविक्याने अर्कात साखर मिसळली आणि औषधाची मिठाई झाली, असे मानले जाते. तिथल्या खोल, रेताड जमिनीत मुळे लांब व सरळ वाढत. या मिठाईच्या सुमारे 2 सेंमी रुंदीच्या चकत्यांवर कामगार स्त्रिया हाताने किल्ल्याचा शिक्का उठवीत.

मुळांची गोडी ग्लिसिरायझिन या द्रव्यामुळे येते. ते साखरेपेक्षा 30 ते 50 पट गोड असते, पण ही गोडी जिभेवर उशिरा उमटते आणि बराच वेळ रेंगाळते. गोळी तोंडात टाकताच साखर लागते, ती विरली की अर्क जाणवू लागतो. या पदार्थाची खरी मौज या सावकाशीत आहे. अनेक जण बडीशेपेसारखा वास ज्येष्ठमधाचाच समजतात. तो बहुतेक वेळा वरून घातलेल्या अ‍ॅनिस या बडीशेपेसारख्या मसाल्याच्या तेलाचा असतो.

तीन-चार वर्षे वाढलेली मुळे खणून, धुऊन, चेचून पाण्यात उकळतात. गाळलेला काढा काळा व घट्ट होईपर्यंत आटवतात. दक्षिण इटलीतील कालाब्रियात हा अर्क नुसताच वाळवून तुकडे करतात. रोसानो येथील अमारेल्ली कुटुंबाचा हा व्यवसाय 1731 पासूनचा आहे. इंग्रजी पद्धतीत गव्हाचे पीठ, काकवी, साखर आणि थोडा अर्क एकत्र शिजवून त्याच्या कांड्या पाडतात. पीठ पुरते शिजले नाही तर कच्चट चव राहते.

नेदरलँड्समधील ‘ड्रॉप’ नावाच्या गोळ्यांत डिंक किंवा स्टार्च वापरतात. मक्याच्या कोरड्या स्टार्चने भरलेल्या तबकांत ठसे उमटवून त्यांत गरम पाक ओततात आणि उबदार खोलीत सुकवतात. स्टार्च दमट असेल तर गोळ्या चिकट राहतात. सुकवण्याची घाई केली तर वर कडक साल धरते आणि आतला ओलावा अडकतो. शेवटी तेलाचा किंवा मेणाचा पातळ हात दिला की झळाळी येते. डिंकाची गोळी हळू विरघळते, स्टार्चची दाताखाली लवकर तुटते.

उत्तरेकडच्या खारट प्रकारांत नवसागर घालतात, तोच जो कल्हईवाला भांड्याला लावतो. अर्थात इथे तो खाण्याजोगा शुद्ध केलेला असतो. त्याची खारट, झोंबरी चव परक्याला पहिल्यांदा असह्य वाटते. फिनलंडमध्ये ही खारट मिठाई, ‘साल्मियाक्की’, मुलेही आवडीने खातात. जर्मनीत नवसागर 2 टक्क्यांहून अधिक असल्यास वेष्टनावर ‘प्रौढांसाठी’ असे लिहावे लागते.

अतिसेवन मात्र घातक ठरते. ग्लिसिरायझिनमुळे मूत्रपिंडात कॉर्टिसॉल हे संप्रेरक निष्क्रिय करणारे वितंचक (एन्झाइम) अडते, शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. हृदयाचे ठोकेही अनियमित होऊ शकतात. युरोपात दिवसाला 100 मिलिग्रॅम ग्लिसिरायझिक आम्ल (म्हणजेच ग्लिसिरायझिन) ही सुरक्षित कमाल मर्यादा मानतात. उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी या गोळ्या भरपूर खाऊ नयेत. या मिठाईच्याच नावाने विकल्या जाणाऱ्या लाल, फळांच्या स्वादाच्या कांड्यांत बहुधा ज्येष्ठमध नसतोच.