माळव्यातील कुरणे आणि चारा संशोधन

इंदूरच्या आसपासचा माळवा म्हणजे काळ्या मातीचे, सुमारे ५०० ते ६०० मीटर उंचीचे पठार. मराठीत ज्याला कुरण म्हणतात, त्याला इथे 'बीड' म्हणतात. बीड ही राखीव गवताची जमीन. पावसाळ्यात तिथे गुरे सोडत नाहीत, आणि पाऊस संपला की दिवाळीच्या सुमारास गवत कापून गंजी रचतात. मराठवाड्यातला बीड जिल्हा ठाऊक असणाऱ्या इंदुरी मराठी माणसाचा या शब्दाने हमखास गोंधळ होतो.

बीडांमधली गवते मात्र महाराष्ट्राला परकी नाहीत. दबडघाव आणि शंकरनारायण या गवत-अभ्यासकांनी देशभरातील पाहणीच्या आधारे १९७३ मध्ये भारतातील गवताळ आच्छादनाचे पाच मुख्य प्रकार मांडले. त्यांतला शेडा-मारवेल हा, याच नावांच्या दोन गवतांवरून ओळखला जाणारा प्रकार माळव्यापासून दख्खनपर्यंत जवळजवळ सगळ्या द्वीपकल्पावर, सुमारे १७.४ लाख चौ. किमी. क्षेत्रावर पसरलेला आहे. चांगल्या राखलेल्या जमिनीत शेडा वाढतो, तर खोल काळ्या आणि ओलसर जमिनीत मारवेल. चराई वाढली की शेडा मागे हटतो आणि कुसळी हे टोचऱ्या बियांचे गवत पुढे येते. त्यावरही गुरे सुटत राहिली, तर शेवटी हंगामी, बारीक, पोटात काही न घालणारी गवते उरतात. म्हणून जाणकार माणूस बीडात शिरताच आधी कुसळी किती आहे ते बघतो. कुसळीच्या बियांचे टोकदार कुसळ ओल लागली की पीळ सोडते, वाळले की पुन्हा पीळ घेते, आणि असे करत करत मातीत रुतते. तसेच ते मेंढ्यांच्या लोकरीत आणि कातडीतही घुसते. फुलोऱ्याआधी कोवळी असताना मात्र गुरे ती आवडीने खातात.

बीडांची खरी अडचण कापणीच्या वेळेची आहे. गवत सर्वांत सकस असते ते फुलोऱ्याच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन पावसाळ्यात, आणि तेव्हा कापलेले वाळवायला ऊन नसते. ऊन येईपर्यंत बी झडून काड्या उरतात आणि प्रथिनांचे प्रमाण तीन-चार टक्क्यांवर येते. पिवळ्याधमक गंजीने गोठा भरतो, दूध मात्र वाढत नाही. यावर संशोधकांनी दोन मार्ग सुचवले: कोवळे गवत हवाबंद खड्ड्यात दाबून मुरघास करणे, आणि बीडातच स्टायलोसारख्या शेंगवर्गीय वनस्पती पेरून चाऱ्यातली प्रथिने वाढवणे. दुसरा मार्ग स्वस्त आहे, पण पहिली दोनेक वर्षे चराई बंद ठेवण्याची शिस्त लागते, आणि सामायिक जमिनीवर तीच अवघड जाते.

इंदुरात शेती संशोधनाची संघटित सुरुवात झाली ती १९२४ मध्ये. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकर संस्थानाच्या जमिनीवर वनस्पती उद्योग संस्था उभारली. तिचा मुख्य विषय कापूस होता, परंतु तिचे नाव जगभर गेले ते 'इंदूर पद्धती'च्या कंपोस्टमुळे. गवत, तण, पिकांचे धसकट आणि शेण यांतून खत करण्याची ही पद्धत हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह १९३१ च्या पुस्तकात मांडली. वाड हे संस्थेतले त्यांचे रसायनशास्त्राचे सहकारी होते. जगात हॉवर्ड यांचेच नाव घेतले जाते. इंदूरच्या मराठी वाचकाने तरी वाड यांचे नाव त्याच ओळीत घ्यायला हवे.

केवळ गवत आणि चारा हाच विषय असलेली राष्ट्रीय संस्था १९६२ मध्ये झाशीला स्थापन झाली. चारापिकांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९७० पासून चालू आहे, आणि महाराष्ट्रात राहुरी हे त्याचे एक केंद्र आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलेले संकरित नेपियर गवत 'फुले जयवंत' महाराष्ट्रातल्या दूध उत्पादकांना परिचित आहे.

गवतांची पैदास इतर पिकांसारखी सरळ नाही. अंजन, मारवेल आणि गिनी या गवतांमध्ये असंगजनन आढळते: बी धरते, पण अंडपेशीचे फलन झालेले नसते. त्यामुळे बहुतेक रोपे हुबेहूब आईसारखी निपजतात. संकर करू पाहणाऱ्याला ही भिंतच वाटते. दोन वाणांचे गुण एकत्र आणायचे, तर लैंगिक प्रजनन करणारे एखादे दुर्मीळ झाड आधी शोधावे लागते. अंजनाच्या बाबतीत असे झाड अमेरिकेत टेक्ससमध्ये सापडले आणि तिथून पैदाशीचा मार्ग खुला झाला. याच गुणाची दुसरी बाजू मोलाची आहे. उत्तम वाण एकदा हाती लागला की तो पिढ्यान्पिढ्या बियांतून तसाच टिकतो. मात्र या गवतांचे बी हलके, लवयुक्त आणि ताजे असताना सुप्तावस्थेत असते, शिवाय भरलेले दाणे कमी. म्हणून शेतकरी बी पेरण्यापेक्षा मुळासकट ठोंब लावणे पसंत करतात.

माळव्यातल्या गोठ्यावर सर्वांत मोठा परिणाम गवतामुळे झाला नाही, तो सोयाबीनमुळे झाला. १९७० च्या दशकापासून हे पीक पठारावर पसरले आणि १९८७ मध्ये त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरात आले. सोयाबीन आधी खरिपात पडीक राहणाऱ्या रानात आले, मग ज्वारीच्या रानातही शिरले. ज्वारी गेली तसा कडबा गेला. सोयाबीनची पाने पिकताना गळून जातात आणि उरलेले भूस टणक असते, ते कडब्याची जागा घेऊ शकत नाही. ज्वारीच्या संशोधनाचीही यात एक चूक होती. १९६४ मध्ये आलेला सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण बुटका होता. धान्य भरघोस, वैरण थोडी. शेतकरी ताटाची उंचीही मोजतो, हे पैदासकारांच्या हिशेबात नंतर आले आणि दाणा व कडबा दोन्ही देणाऱ्या दुहेरी वाणांवर काम सुरू झाले.

बीडांवर पक्ष्यांचाही हक्क आहे. तणमोर पावसाळ्यात याच गवतात वीण घालतो. त्याच्यासाठी १९८३ मध्ये रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर ही अभयारण्ये घोषित झाली. तिथे तणमोराची पिले मोठी होईपर्यंत गवताला विळा लावू नये.